टोस्ट किती वेळ टिकतो?

फोनवर एखादा नंबर कॉपी केला की स्क्रीनच्या खालच्या बाजूला छोटी पट्टी येते, ‘कॉपी झालं’ एवढं सांगते आणि आपोआप जाते. अँड्रॉइडवर काम करणारे तिला टोस्ट म्हणतात. ॲप लिहिताना टोस्ट दाखवायचा तर वेळेचे दोनच पर्याय मिळतात, शॉर्ट किंवा लाँग. शॉर्ट म्हणजे किती सेकंद आणि लाँग म्हणजे किती, हे डॉक्युमेंटेशनमध्ये सांगितलेलं नाही. थोडा वेळ आणि जास्त वेळ, एवढ्यावरच ते थांबतं.

आमच्या टीममध्ये नव्यानं आलेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न घालते. कुणी स्टॉपवॉच लावून बसतं, कुणी इंटरनेटवरून एकमेकांशी न जुळणारी दोन-तीन उत्तरं आणतं. मला त्यांच्याकडून दुसरंच काही हवं असतं. ज्या अँड्रॉइड स्टुडिओत ते दिवसभर कोड लिहितात, तिथेच ‘टोस्ट’ या शब्दावर कंट्रोल दाबून क्लिक करायचं आणि अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी आत काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं.

मी पुण्यात राहते आणि बरीच वर्षं मोबाईल ॲप्स बनवते: दवाखान्यांची, बाजारभावाची, शाळांची. या सगळ्या काळात मला जे काही नीट समजलं, त्यातलं निम्म्याहून अधिक असं क्लिक करत करत समजलं. म्हणून ही वाट प्रोग्रॅमर नसलेल्या वाचकालाही दाखवावीशी वाटते. तुमच्या खिशातल्या यंत्राचा मोठा भाग उघड्यावर लिहिलेला आहे आणि तो वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर टोस्ट. क्लिक केलं की टोस्ट नावाची जावा फाइल उघडते. वर परवान्याचा मजकूर, खाली व्याख्या. शॉर्टच्या पुढे लिहिलंय शून्य आणि लाँगच्या पुढे एक. सेकंदांचा पत्ताच नाही. या दोन नुसत्या खुणा आहेत. खाली ‘शो’ नावाचं फंक्शन आहे. ते स्वतः काहीच दाखवत नाही. ॲपचं नाव, मजकूर आणि ही खूण घेऊन ते सगळं नोटिफिकेशन सर्व्हिसच्या हवाली करतं. इथे स्टुडिओत काही शब्द लाल दिसायला लागतात, कारण ही सर्व्हिस ॲप लिहिणाऱ्यांसाठी खुली केलेली नाही. कोड डोळ्यांसमोर असतो, पण आपल्याला तो वापरता येत नाही, आणि स्टुडिओ लाल रंगानं तेच सांगत असतो. नवी मुलं इथे परत फिरतात. खरं तर इथून पुढे जायचं असतं.

ही सर्व्हिस आपल्या ॲपमध्ये चालतच नाही. फोन सुरू झाल्यापासून सिस्टिम सर्व्हर नावाची एक वेगळी प्रोसेस चालू असते, तिच्यात ही राहते. तिच्या फाइलचं नाव नोटिफिकेशन मॅनेजर सर्व्हिस. त्या फाइलमध्ये आपलं उत्तर आहे: लाँग म्हणजे ३.५ सेकंद, शॉर्ट म्हणजे २ सेकंद. शेजारी तशा कॉमेंट्सही आहेत. पण मला त्याहून आवडतो तो तिथून जवळच असलेला दुसरा भाग. अँड्रॉइड १० पासून, हे सेकंद मोजायला लागण्याआधी कोड एक गोष्ट विचारतो: या माणसानं ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जास्त वेळ मागितला आहे का? मागितला असेल, तर ठरलेला वेळ आणि मागितलेला वेळ यांपैकी मोठा धरायचा. ज्यांना वाचायला वेळ लागतो, ज्यांची नजर कमी झाली आहे, त्यांच्यासाठी टोस्ट जास्त थांबतो. कुणीतरी बसून हा विचार केला, दोन-चार ओळी लिहिल्या आणि कारण कॉमेंटमध्ये नोंदवून ठेवलं. ॲप लिहिणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. तो कोड वाचला, तर लागतो.

हे वाचता येतं यामागे थोडा इतिहास आहे. गूगलनं अँड्रॉइड ही छोटी कंपनी २००५ मध्ये विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ ला ओपन हँडसेट अलायन्स या कंपन्यांच्या गटाबरोबर अँड्रॉइड जाहीर झालं. २१ ऑक्टोबर २००८ ला त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला, आणि दुसऱ्याच दिवशी पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाईल जी१, अमेरिकेत विक्रीला आला. बहुतेक कोड अपाची २.० या परवान्याखाली आहे: घ्या, बदला, विका, फक्त मूळ श्रेय आणि परवान्याचा मजकूर ठेवा. सगळ्यात खालचा लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ खाली येतो. त्याची अट कडक आहे: त्यात बदल करून फोन विकलात, तर बदललेला कोडही द्यावा लागतो. या सगळ्या खुल्या भागाला अँड्रॉइड ओपन सोर्स प्रोजेक्ट म्हणतात, आणि बोलण्यात आम्ही सगळे एओएसपी म्हणतो.

आता, फोनवर जे जे दिसतं ते सगळं यात नसतं, हेही सांगायला हवं. प्ले स्टोअर, मॅप्स, जीमेल आणि पडद्यामागे चालणाऱ्या प्ले सर्व्हिसेस गूगलच्या खासगी आहेत. फोन बनवणाऱ्या कंपन्या वरून जे घालतात, तेही बहुतेक बंदच असतं.

सुरुवातीच्या काळात कोड खुला होता, पण हाताशी नव्हता. तेव्हा आम्ही एक्लिप्स वापरायचो. एक्लिप्स काय किंवा आजचा स्टुडिओ काय, या सॉफ्टवेअरांना आयडीई म्हणतात: कोड लिहिणं, तपासणं, चालवून बघणं, सगळं एका खिडकीत. एक्लिप्समध्ये अँड्रॉइडच्या एखाद्या क्लासवर क्लिक केलं की समोर कोरं पान यायचं, ‘सोर्स नॉट फाउंड’, आणि खाली सोर्स जोडण्यासाठी एक बटण. काय जोडायचं ते मात्र आपण शोधायचं. याचं कारण तांत्रिक आहे आणि ते आजही लागू आहे. ॲप बनवताना आपण अँड्रॉइड डॉट जार नावाची एक फाइल वापरतो. तिच्यात सगळ्या क्लासची आणि फंक्शनची नावं असतात, आत मजकूर नसतो. पुस्तकाची अनुक्रमणिका पूर्ण छापलेली आणि पुढची सगळी पानं कोरी, असा तो प्रकार. प्रत्येक फंक्शनच्या पोटात एकच ओळ असते, जी चालवली तर ‘स्टब!’ एवढा शब्द फेकून थांबते. खरी फंक्शनं फोनमध्ये असतात. फाइल लहान राहावी आणि ॲपनं फक्त खुल्या केलेल्या गोष्टीच वापराव्यात, म्हणून ही योजना आहे आणि ती योग्यच आहे. पण जिला आतलं वाचायचं आहे तिची त्यामुळे अडचण होते.

मग लोक एओएसपीचा कोड उतरवून घ्यायचे, त्यातल्या जावा फाइली निवडून एका फोल्डरमध्ये रचायचे, आणि एसडीकेमध्ये, म्हणजे ॲप बनवण्याच्या साहित्याच्या संचात, योग्य जागी ‘सोर्सेस’ या नावानं ठेवायचे. एका आवृत्तीसाठी केलं की पुढच्या आवृत्तीला पुन्हा तेच. त्या वेळच्या इंटरनेटच्या वेगावर एवढा कोड उतरवणं म्हणजे मशीन रात्रभर चालू ठेवणं आलंच. २०११ हे वर्ष तर फारच वाईट गेलं. टॅब्लेटसाठी आलेल्या हनीकोंब आवृत्तीचा कोड गूगलनं तेव्हा दिलाच नाही. ऑगस्टमध्ये लिनक्स कर्नलचा कोड ठेवणाऱ्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं उघड झालं. अँड्रॉइडचा कोडही तिथेच ठेवलेला होता. तो पुढे गूगलनं स्वतःच्या सर्व्हरवर हलवला आणि नोव्हेंबरमध्ये ४.० आवृत्तीबरोबर सगळा कोड पुन्हा खुला झाला.

त्याच ४.० पासून एसडीके मॅनेजरच्या यादीत ‘सोर्सेस’ ही स्वतंत्र ओळ आली. टिक करा, उतरवा, झालं. मे २०१३ मध्ये इंटेलिजे या आयडीईवर उभारलेला अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर झाला, डिसेंबर २०१४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली, आणि क्लिक करून आत शिरणं हा रोजच्या कामाचा भाग झाला. आजही ती सोय तिथेच आहे. एसडीके मॅनेजरमध्ये ‘शो पॅकेज डीटेल्स’वर टिक करायची आणि आवृत्तीखालची सोर्सेसची ओळ निवडायची.

वाचण्याच्या पुढची पायरी म्हणजे चालता कोड थांबवून बघणं. डीबगरमध्ये आपल्या ॲपच्या पहिल्या फंक्शनवर, म्हणजे ऑनक्रिएटवर, ब्रेकपॉइंट लावला की ॲप तिथे थांबतं आणि बाजूला कॉल स्टॅक दिसतो: कुणी कुणाला बोलावलं त्याची उभी यादी. वरच्या ओळीत आपलं ऑनक्रिएट. बहुतेक जण तेवढंच बघतात. मी मुलांना ही यादी खालून वर वाचायला सांगते. अगदी तळाशी झायगोट. फोन सुरू होताना ही प्रोसेस उभी राहते, सगळ्या ॲप्सना लागणारे क्लास आधीच भरून ठेवते, आणि नवं ॲप उघडायचं असलं की स्वतःचीच प्रत काढते. म्हणून ॲप चटकन उघडतं. त्याच्या वर ॲक्टिव्हिटी थ्रेड आणि त्याचं ‘मेन’. कॉलेजात शिकवतात की जावाचा प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो, आणि अँड्रॉइड शिकताना तर कुणालाच मेन लिहावं लागत नाही. ते कुठे गेलं, हा प्रश्न पडलेला विद्यार्थी मला अजून क्वचितच भेटला आहे. ते इथे आहे. आपल्यासाठी ते आधीच लिहून ठेवलं आहे.

ते मेन जरूर वाचावं. त्यात थोडी तयारी आहे, मग मुख्य लूपर तयार होतो, आणि शेवटून दुसरी ओळ त्या लूपरला ‘फिर’ म्हणते. लूपर म्हणजे न संपणारी फेरी. रांगेतला पुढचा निरोप घे, ज्याचा त्याला दे, पुन्हा रांगेकडे ये. बोट लागलं, स्क्रीन फिरली, फोन आला, सगळे निरोप याच रांगेतून येतात. आणि मेनची शेवटची ओळ? ती एक एरर फेकते: मुख्य थ्रेडची फेरी अनपेक्षितपणे संपली. ॲप जिवंत आहे तोवर त्या ओळीपर्यंत कुणी पोचूच नये, एवढ्यासाठी ती तिथे आहे. ॲप म्हणजे नेमकं काय, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

आमच्याकडे बार्शीहून आलेली एक मुलगी दवाखान्याच्या ॲपवर काम करत होती. रुग्णांची यादी उघडताना स्क्रीन गोठायची आणि ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ असा निरोप यायचा. यादीची फाइल मुख्य थ्रेडवरच, म्हणजे लूपर फिरतो त्याच धाग्यावर, वाचली जात होती. हे तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तिला लूपरची फाइल उघडून दिली. संध्याकाळी ती माझ्या टेबलाशी आली. “मॅडम, म्हणजे माझं फंक्शन संपेपर्यंत पेशंटनं मारलेला टचसुद्धा रांगेतच उभा?” हो, उभा. आणि तो ५ सेकंद तसाच उभा राहिला की सिस्टिम ओरडते. तो ५ सेकंदांचा आकडाही सोर्समध्ये लिहिलेला आहे, तो तिनं आपला आपण शोधला. त्यानंतर फाइल मागच्या थ्रेडवर न्यायला तिला कुणी सांगावं लागलं नाही. सांगून कळलेलं आणि वाचून कळलेलं यांत फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे. ती आता दुसऱ्यांच्या कोडमधली ही अडचण दुरून ओळखते.

डीबगरच्या या वाटेत एक खड्डा आहे, तो ठाऊक हवा. दुकानातून आणलेल्या फोनवर डीबग करत अँड्रॉइडच्या कोडमध्ये शिरलात, की निळी पट्टी कधी रिकाम्या ओळीवर जाऊन बसते, कधी कॉमेंटवर, कधी भलत्याच फंक्शनच्या मधोमध. वर स्टुडिओ सांगतो की सोर्स कोड बाइटकोडशी जुळत नाही. आपल्याकडचा सोर्स एओएसपीचा असतो आणि फोनमध्ये त्या कंपनीनं बदललेला कोड चालत असतो. ओळींचे क्रमांक सरकलेले असतात. उपाय सोपा आहे. इम्युलेटर, म्हणजे संगणकावर चालणारा नकली फोन, घ्यायचा आणि त्याची एपीआय पातळी, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा क्रमांक, उतरवलेल्या सोर्सच्या पातळीशी जुळवायची. मग पट्टी बरोबर बसते आणि एकेक पाऊल टाकत थेट अँड्रॉइडच्या आत चालता येतं.

दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे सोर्स शेजारी उघडले की इतिहासही दिसतो. अँड्रॉइड ६ च्या सोर्समध्ये ॲरेलिस्ट हा जावाचा रोजच्या वापरातला क्लास उघडा: वर अपाचीचा परवाना आहे, कारण तो हार्मनी या अपाचीच्या प्रकल्पातून आला. ७.० च्या सोर्समध्ये तीच फाइल उघडा: वर ओरॅकलचं नाव आणि जीपीएल. २०१६ मध्ये अँड्रॉइड ओपनजेडीकेकडे, म्हणजे जावाच्या खुल्या आवृत्तीकडे, वळलं, ते असं फाइलीच्या कपाळावर लिहिलेलं आहे. त्यामागे मोठा खटला होता. जावाची मालकी आलेल्या ओरॅकलनं ऑगस्ट २०१० मध्ये गूगलवर दावा लावला. फंक्शनांच्या घोषणांच्या सुमारे ११,५०० ओळी हा वादाचा गाभा होता. त्याखेरीज ‘रेंजचेक’ नावाच्या ९ ओळींच्या एका फंक्शनवरही कोर्टात बराच काथ्याकूट झाला. ते फंक्शन एवढंच बघतं की मागितलेली मर्यादा यादीच्या बाहेर तर जात नाही ना. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ एप्रिल २०२१ ला ६ विरुद्ध २ मतांनी गूगलच्या बाजूनं निकाल दिला आणि त्या घोषणांचा वापर न्याय्य वापर ठरवला. हा निकाल उलटा लागता, तर फंक्शनांची नावं आणि रचना जुळती ठेवून नवी व्यवस्था उभारणाऱ्या प्रत्येकाला धास्ती घ्यावी लागली असती.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या फाइलीकडे येते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकूर उघडला की ओळभर चौकोन दिसायचे. काही कंपन्या आपापल्या फोनमध्ये देवनागरी घालून द्यायच्या, बाकीच्यांवर चौकोनच. बाजारभावाचं ॲप बनवायचं आणि कांद्याच्या जागी चौकोन दाखवायचे, हे मला सहन होत नव्हतं, आणि अक्षरं फोनवर येतात कशी हे शोधायलाच मी पहिल्यांदा सोर्समध्ये शिरले. पुढे ४.० च्या सुमारास देवनागरी फाँट फोनबरोबर येऊ लागला आणि २०१४ च्या ५.० आवृत्तीत फोनची भाषा म्हणून मराठी मिळाली. आता सोर्समध्ये ‘व्हॅल्यूज-एमआर’ नावाचं फोल्डर असतं. ‘रद्द करा’ हे बटणावरचे शब्द तिथून येतात.

पण नुसता फाँट असून भागत नाही. ‘किती’ हा शब्द घ्या. फोनच्या स्मृतीत आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी, अशी नोंद असते. दिसताना वेलांटी आधी यायला हवी. ‘सूर्य’ लिहिताना र आधी येतो, आणि दिसताना य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ही सगळी अदलाबदल हार्फबझ नावाची एक लायब्ररी करते. अँड्रॉइडच्या सोर्समध्ये ‘एक्स्टर्नल’ फोल्डरमध्ये ती आहे. ती सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली आहे, आणि तिच्यात भारतीय लिप्यांसाठी वेगळी फाइल आहे. त्या फाइलमध्ये अक्षरांची फेरमांडणी दोनदा होते. फाँटमधले नियम लावण्याआधी एकदा, लावल्यानंतर एकदा. कुठलं व्यंजन मुख्य, रफार कुणाच्या डोक्यावर, वेलांटी कुठवर मागे न्यायची, याचे नियम तिथे एकेक करून लिहिलेले आहेत. शाळेत बाईंनी फळ्यावर जे शिकवलं, ते मशीनला शिकवायला किती बारकाईनं लिहावं लागतं, ते ही फाइल वाचताना कळतं.

त्यात एक ओळ आहे जी मी प्रत्येक मराठी मुला-मुलीला दाखवते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द बघा. पहिल्यात र चा रफार होतो. दुसऱ्यात य च्या आधी ती आडवी बाकदार रेघ येते. ती मराठीला लागते, कोकणी आणि नेपाळीलाही लागते, हिंदीला लागत नाही. तिच्यासाठी युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, ०९३१ क्रमांकाचं. पण युनिकोडच्याच नियमानं ऱ ची फोड र आणि नुक्ता अशी करता येते, आणि मजकूर मांडणारी सॉफ्टवेअरं अशा फोडी सर्रास करतात. ती फोड झाली की ऱ ची स्वतंत्र ओळख पुसली जाते. म्हणून हार्फबझच्या त्या फाइलमध्ये ‘यांची फोड करू नका’ अशा कॉमेंटखाली छोटी यादी आहे, आणि यादीत पहिलं नाव आहे ०९३१, देवनागरी ऱ. एक ओळ, आणि शेजारी अक्षराचं नाव. खाली बंगाली आणि तमिळची अक्षरं आहेत. जगभर अँड्रॉइडवर ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ नीट दिसतात, त्यात या ओळीचा वाटा आहे. आपल्या भाषेची एक गरज अशी जगाच्या कोडमध्ये नोंदलेली पाहिली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आजही वाटतं.

अशा सी प्लस प्लसच्या फाइली एसडीकेच्या सोर्समध्ये येत नाहीत, त्यात जावाचाच भाग असतो. त्यासाठी पूर्ण सोर्स ट्री लागते, ती ‘रेपो’ नावाच्या हत्यारानं उतरवतात. ते शेकडो गिट साठे एकदम सांभाळतं. गूगलच्या सांगण्यानुसार यासाठी डिस्कवर ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम हवी. ही ट्री आयडीईत उघडण्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ फॉर प्लॅटफॉर्म ही वेगळी आवृत्ती आहे. तिच्यात जावा आणि सी प्लस प्लस दोन्ही एका खिडकीत वाचता येतात आणि एकातून दुसऱ्यात जाता येतं. एवढं मशीन ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी २०१९ च्या अखेरीपासून ब्राउझरमध्ये चालणारा कोड सर्च आहे. तिथेही क्लिक करून व्याख्येवर जाता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातल्या मुलांना मी तोच सुचवते.

मार्च २०२५ मध्ये गूगलनं जाहीर केलं की यापुढे अँड्रॉइडचं सगळं काम आतल्या खासगी शाखेत होईल आणि आवृत्ती तयार झाली की कोड खुला केला जाईल. २०२६ पासून हा कोड वर्षातून दोनदा, दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत, प्रसिद्ध करायचं ठरलं. परवाना तोच आहे. वाचण्याचा हक्क गेलेला नाही. दोन शाखा सांभाळण्याचा त्रास वाचतो, हे गूगलचं कारण मला पटण्यासारखं आहे. पण एखादा बदल होत असताना तो बघायला मिळणं, कुणी तो का सुचवला, कुणी काय हरकत घेतली, दुसऱ्या दिवशी तो कसा बदलला, यातून जे शिकायला मिळायचं, ते कमी झालं आहे. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. अँड्रॉइडच्या जोरावर रोजगार मिळवणारे आपल्याकडे इतके लोक आहेत, त्यांच्यात या निर्णयाची चर्चासुद्धा झाली नाही, हे त्याहून खटकतं. वाचणारे कमी असले की झाकण्याबद्दल बोलणारेही कमीच असणार.

म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये गेले की मी एक गोष्ट तपासते. मशीनवर अँड्रॉइड स्टुडिओ असतोच. एसडीके मॅनेजर उघडून सोर्सेसच्या ओळीवर टिक आहे का ते बघते. बहुतेक ठिकाणी नसते. पूर्ण ट्रीच्या मानानं तो डाउनलोड किरकोळ आहे, एका तासिकेत सगळ्या मशीनवर होऊन जातो. मग कुठून सुरू करायचं, असं शिक्षक विचारतात. लूपरपासून करा. फाइल आटोपशीर आहे आणि तिच्यातल्या कॉमेंट्स चांगल्या आहेत. मग हँडलर, मग मेसेज क्यू, मग ॲक्टिव्हिटी थ्रेडचं फक्त मेन. स्क्रीनवरच्या प्रत्येक वस्तूचं मूळ असलेली व्ह्यूची फाइल मात्र पहिल्या सत्रात उघडू नका. तिच्यात ३०,००० हून जास्त ओळी आहेत, आणि तिच्यात शिरण्याआधी माप घेण्याची फेरी आणि जागा ठरवण्याची फेरी वेगळ्या का आहेत, हे मुलांना समजलेलं असायला हवं.